कोसळलेली भिंत आणि सावरणारे मन

मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. दामाजीपंत, चोखामेळा आणि कान्होपात्रा ही तिन्ही नावे या एकाच गावाशी जोडलेली आहेत, आणि तिघांच्याही कथेत आयुष्य अचानक उलटेपालटे झालेले दिसते. दुष्काळात बादशाही कोठारातले धान्य उपाशी लोकांना वाटणारे दामाजीपंत एका निर्णयाने अधिकाऱ्याचे अपराधी ठरले. कान्होपात्रेला बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि तिने पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, असे परंपरा सांगते. चोखोबा तर 1338 च्या सुमारास गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून गेले.

अशा धक्क्यानंतर माणसाच्या मनात काय घडते, हा आज मानसशास्त्राचाही विषय आहे. कमावता माणूस अपघातात जाणे, कर्करोगाचे निदान, सलग दोन हंगाम ज्वारी करपणे आणि कोयता घेऊन ऊसतोडीला जावे लागणे, यात फक्त माणूस किंवा पैसा जात नाही. ‘आपण नीट वागलो तर आपले नीट होईल’ या गृहीतकालाच तडा जातो. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेला भूकंपाची उपमा दिली. 1993 चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या सोलापूर-लातूर-धाराशिवच्या लोकांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पडलेले घर पुन्हा बांधताना माणूस जुन्याच नकाशावर बांधत नाही, पाया तपासतो. मनाचेही काहीसे तसेच होते.

या दोघांनी 1996 मध्ये 21 विधानांची एक प्रश्नावली मांडली. आघातानंतरचे बदल त्यांनी तिच्यात 5 अंगांनी पाहिले: माणसांशी असलेले नाते, आयुष्यातल्या नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याचे मोल. याला ते ‘आघातोत्तर वाढ’ म्हणतात. ही वाढ दुःखाच्या जागी येत नाही, दुःखाच्या सोबत येते. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच बँकेत जाऊन व्यवहार शिकलेली बाई रात्री रडणारच. दोन्ही खरे असते.

सुरुवातीला घडलेला प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. झोप उडते, छातीत धडधडते. हळूहळू त्याच विचारांचे रूप पालटते आणि ‘हे का झाले’ यासोबत ‘आता कसे जगायचे’ हा प्रश्नही येऊ लागतो. हा पालट बहुधा एकट्याने होत नाही. ऐकणारे कोणी असेल तर गोष्ट सांगता सांगताच ती जुळत जाते. दिंडी, गावातले भजन, एकादशीला भेटणारी माणसे यांचा उपयोग इथे होतो. नेमाने ठरावीक वेळी ठरावीक जागी जाणे, श्वास लांबवून गाणे, आपल्या नसण्याची कोणीतरी दखल घेणे, हे सावरणाऱ्या मनाला आधारच देते. यासाठी भक्त असलेच पाहिजे असे नाही. वाचनालय किंवा महिला बचत गटही ते काम करू शकतो.

श्रद्धेचा परिणाम मात्र नेहमी चांगलाच होतो, असे नाही. केनेथ पार्गामेंट यांच्या गटाने 2001 मध्ये 596 आजारी वयस्करांचा 2 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘देवाने मला टाकले’, ‘देवाचे माझ्यावर प्रेम नाही’ असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. वेगवेगळ्या प्रश्नांनुसार ही वाढ 19 ते 28 टक्के होती. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी ‘तुझ्या कर्माची फळे’ असे आजाऱ्याला ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी तो लक्षात ठेवावा.

मंगळवेढ्याची परंपरा या बाबतीत अनेक कीर्तनकारांपेक्षा मोकळी आहे. चोखोबांच्या घरात पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे. त्यात कर्ममेळ्याचा सूर चढा आहे. आपल्याला हीन जातीत का घातलेस, असा तो देवाला सरळ जाब विचारतो. देवावर रागावणे म्हणजे श्रद्धा संपणे, असे त्या घराने मानलेले दिसत नाही. समुपदेशकही रुग्णाला हेच सांगतात, की राग आत कोंडू नका, बोला.

वाढीच्या या कल्पनेवर आक्षेपही आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आघात सोसलेल्या विद्यार्थ्यांची आधीची आणि नंतरची मोजमापे ताडून पाहिली. ‘मी बदललो’ असे सांगणे आणि प्रत्यक्ष मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. त्यामुळे ‘संकटाने माणूस घडतो’ हे वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणू नये. चोखोबांना बिगारीच्या कामावर मरण आले आणि कान्होपात्रेची सुटका झाली ती मरणातूनच. त्यांच्या वाट्याला आले ते अन्याय होते, धडे नव्हेत. शिवाय पुष्कळ माणसे मोठे दुःख सोसूनही फार न बदलता पूर्ववत जगू लागतात. त्यांचेही काही चुकत नसते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी हटत नसेल, भूक-झोप गेली असेल, दारू वाढली असेल किंवा कामात मन अजिबात लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. देवदर्शन आणि औषध यांत भांडण नाही. मात्र एकासाठी दुसरे बंद करू नये. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. 2022 पासून सुरू असलेली सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क मिळते. तिथे मराठीत बोलता येते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणासाठी विचारायचे असले तरी फोन करता येतो.