सरकारी की खासगी? आदिलाबादच्या आरोग्यसेवेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आरोग्यसेवेत सरकारने किती लक्ष घालावे, हा राजकीय वाद बहुधा ‘सरकारी की खासगी’ एवढ्या दोन शब्दांत मांडला जातो, आणि त्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ याच मांडणीत आहे. उपचारांचा खर्च कोणी सोसायचा, उपचार प्रत्यक्ष कोणी करायचे आणि दर व दर्जा यांवर देखरेख कोणी ठेवायची, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. ब्रिटनमध्ये 1948पासून खर्चाचा भार शासन उचलते, तरी तेथील बहुतेक कुटुंब-डॉक्टर सरकारी नोकर नसून कराराने काम करणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. उलट, खासगी वैद्यकाचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना सरकारी पैशावर 1965पासून चालत आल्या आहेत.

‘आरोग्यश्री’ म्हणजे सरकारने दवाखाने ताब्यात घेणे, हा समज त्यामुळेच टिकत नाही. अविभाजित आंध्र प्रदेशात मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी 1 एप्रिल 2007 रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ही योजना सुरू केली व पुढे ती, आज तेलंगणात असलेल्या, आदिलाबाद जिल्ह्यासह राज्यभर पोहोचली. ठरलेल्या आजारासाठी ठरलेली रक्कम, म्हणजे ‘पॅकेज’, रुग्णाऐवजी शासन रुग्णालयाला देते. आणि यादीतील रुग्णालयांत सरकारी रुग्णालयांबरोबर खासगी रुग्णालयेही मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा या योजनेने खासगी क्षेत्राचा गळा आवळला असे म्हणण्यापेक्षा सरकारी तिजोरीतून त्याला ग्राहक मिळवून दिला, ही टीकाकारांची हरकत अधिक विचार करण्याजोगी आहे.

आरोग्यश्री कार्डावरची खर्चमर्यादा वाढली की सेवा पोहोचली, हा गैरसमज मात्र या जिल्ह्याचे सर्वाधिक नुकसान करतो. सुरुवातीला दोन लाख रुपये असलेली वार्षिक मर्यादा पुढे पाच लाखांवर गेली आणि 9 डिसेंबर 2023 रोजी तेलंगणाच्या रेवंत रेड्डी सरकारने ती दहा लाख केली. मर्यादा म्हणजे खर्चाची कमाल सीमा. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना लागू होते, आणि पावसाळ्यात उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील गोंड व कोलाम वस्त्यांवर येणारा ताप, जुलाब, गर्भवतीच्या अंगातील रक्ताची कमतरता यांवर वेळेत इलाज करण्याचे काम तिच्याने होत नाही. ते काम उपकेंद्रातल्या परिचारिकेचे, आशा कार्यकर्तीचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र असावे, तर डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांमागे, आणि उपकेंद्र तीन हजारांमागे, असा राष्ट्रीय निकष आहे, कारण विरळ वस्तीत अंतर हेच आजाराइतके घातक ठरते. दहा लाखांचे कार्ड हाती असूनही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागत असेल, तर सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि तिथला मुक्काम कोणत्याच पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

म्हणूनच 2008 साली आदिलाबाद शहरात उभ्या राहिलेल्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, लोकांच्या बोलण्यातल्या ‘रिम्स’चे, मोल कार्डाहून वेगळ्या मापाने मोजावे लागते: तेथे सरकार खर्चही करते आणि उपचारही. रिम्सच्या अतिविशेष उपचार विभागाच्या इमारतीसाठी केंद्र आणि राज्य या दोघांनी पैसा दिला. अर्थात, दूरच्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टर टिकवून धरणे हे इमारत बांधण्याहून कितीतरी कठीण असते, आणि निवडणुकीच्या सभेत त्याची चर्चा फारशी होत नाही.

आरोग्य ही दिल्लीची जबाबदारी, असेही अनेकांना वाटते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, सहाव्या क्रमांकावर, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय आहेत. म्हणजे मूळ अधिकार राज्याचा. त्याच अधिकारामुळे सप्टेंबर 2018मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’ विमा योजनेपासून तेलंगणा आपल्या योजनेकडे बोट दाखवून दूर राहू शकले, आणि 2021 साली त्यात सामील झाले. ज्यांना यात दोन पक्षांच्या तत्त्वज्ञानांची लढाई दिसते, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की काँग्रेस, तेलंगणा राष्ट्र समिती आणि भारतीय जनता पक्ष या तिघांच्याही सरकारांनी, शासनाने पैसे देऊन उपचार विकत घ्यावेत, हाच मार्ग चालवला; भांडण राहिले ते नावाचे, श्रेयाचे आणि खर्चाच्या वाटणीचे.

राज्याच्या अधिकाराची दुसरी बाजू पैनगंगेच्या काठी दिसते. बेला, जैनद या मंडलांत मराठी घराघरांत बोलली जाते आणि पलीकडच्या यवतमाळ-नांदेडशी सोयरिकी आहेत; तरी आरोग्यश्रीचा लाभ तेलंगणाच्या रहिवाशालाच मिळतो आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा महाराष्ट्राच्या. आयुष्मान भारतचा पात्र लाभार्थी दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो, परंतु राज्याच्या स्वतःच्या निकषांवर जी कुटुंबे केवळ राज्य योजनेत बसतात, त्यांना ती सोय मिळत नाही.