एचिंग, शिळाछाप आणि अजिंठा: जळालं काय, उरलं काय?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत, बाकी गप्पा तशाच.

आजचा विषय आहे छापचित्रं, आणि तीसुद्धा इमारतींची. मी दिवसभर कोड लिहिणारी मुलगी, माझा चित्रकलेशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध गावाचा आहे. मी फर्दापूरची. अजिंठ्याला आलेल्यांनी आमचं गाव पाहिलेलं असतं, पण बहुतेकांनी बसच्या खिडकीतून. टी पॉइंटला गाडी लावायची, एसटीत बसायचं, लेणी बघायची, परत. पण हीच लेणी जगापुढं पहिल्यांदा गेली ती कागदावर छापून. ती गोष्ट समजायला आधी छापचित्र कसं होतं ते बघू.

एचिंगपासून सुरुवात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. मग सुईनं त्या थरावर चित्र काढायचं. सुईनं तांबं कापायचं नसतं, फक्त थर खरवडून तांबं उघडं करायचं. मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथं तांबं उघडं, तिथंच ॲसिड खातं आणि बारीक चर पडते. हलकी रेघ हवी असेल तर पत्रा लवकर बाहेर काढायचा, ती रेघ वार्निशनं झाकायची आणि उरलेल्या रेघांसाठी पुन्हा बुडवायचा. म्हणजे गडद-फिकटपणा ठरतो तो ॲसिडमधल्या वेळेवर, हाताच्या जोरावर नाही. शेवटी थर काढायचा, चरांमध्ये शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. चित्र उलटं उमटतं, त्यामुळं पत्र्यावर सगळं डावं-उजवं बदलून काढावं लागतं.

या कामात अमेरिकेचा जॉन टेलर आर्म्स (१८८७–१९५३) फार मोठा माणूस. शिक्षणानं वास्तुविशारद, पण नाव झालं ते एचिंगमुळं. युरोपातली जुनी चर्चं, त्यांच्या कमानी, छतावरचे दगडी राक्षस, हे त्याचे विषय. साध्या शिवणाच्या सुया आणि भिंग घेऊन तो इतक्या बारीक रेघा काढायचा की दगडाचा एकेक सांधा दिसतो. १९२७ साली त्यानं फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलचं एचिंग केलं. १९४४ च्या बॉम्बवर्षावात त्या कॅथेड्रलचं मोठं नुकसान झालं. पुढं दुरुस्ती झाली, पण तोवर आर्म्सच्या चित्राचे छाप वेगवेगळ्या संग्रहांत पोचलेले होते. छापचित्राची ही गंमत लक्षात ठेवा: एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत अस्सलच असते.

आता अजिंठा. इथं तांब्याऐवजी दगड येतो. १८३८-३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन नावाचा स्कॉटिश माणूस भारतभर लेणी बघत फिरत होता. (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज याच्या नावाचं नाही हं, ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन.) आपला फर्ग्युसन निळीच्या धंद्यात पैसा कमावलेला, वेड मात्र इमारतींचं. त्याच्याकडं कॅमेरा ल्युसिडा होता. नावात कॅमेरा असला तरी त्यात फोटो निघत नाही. दांडीवर बसवलेलं एक लोलक असतं. त्यातून बघितलं की समोरची इमारत आणि खालचा कागद एकावर एक दिसतात, आणि आपण ती आकृती पेन्सिलीनं गिरवायची. प्रमाण चुकत नाही.

त्याच्या रेखाटनांवरून टी. सी. डिब्डिन या चित्रकारानं दगडावर चित्रं काढली आणि १८४५ मध्ये लंडनला पुस्तक निघालं. वेरूळ, अजिंठा, कार्ले, सगळं त्यात आहे. ही पद्धत म्हणजे लिथोग्राफी, आपल्याकडची शिळाछाप. आपल्या कितीतरी जुन्या पोथ्या अशाच छापल्यात. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. पाण्यामुळं कोरा भाग शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. चर नाही, खोदकाम नाही.

फर्ग्युसनला चित्रांची एवढी गरज का होती? कारण त्याचा दावा असा, की इमारतीचं वय तिच्या घडणीवरून ओळखता येतं. आमच्याकडचं दहा नंबरचं लेणं बघा. बाजूच्या वाटांच्या छतावर दगडातच कोरलेल्या वासे-फासळ्या आहेत. लाकडी छताची ती दगडी नक्कल. मधल्या मोठ्या छताला तर खरेच लाकडी वासे होते, ते आता गेले. एकोणीस नंबरच्या लेण्यात येईपर्यंत मधल्या छताच्या फासळ्याही दगडाच्या झाल्या. आधी लाकूड, मग अर्धं लाकूड अर्धा दगड, मग सगळा दगड. अंधाऱ्या गुहेत ही तुलना उभ्या उभ्या जमत नाही, पण दोन चित्रं टेबलावर शेजारी ठेवली की जमते.

आता मुद्द्याची गोष्ट. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्र-नकला करत होता. कित्येक वर्षांचं काम. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ ला तिथं आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५, पुन्हा नकला. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत बऱ्याचशा गेल्या.

उरलं काय? गिलच्या काही तैलचित्रांवरून केलेले छोटे लाकडी ठसे १८५६ च्या एका इंग्रजी पुस्तकात छापले गेले होते. ते उरले. गिलनंच काढलेले लेण्यांचे ७४ फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपात आले होते. तेही उरले. फर्ग्युसनची शिळाछाप उरली. म्हणजे भिंतीएवढी, रंगीत, सगळ्यात मेहनतीची नकल गेली, आणि तळहाताएवढी काळी-पांढरी छापील नकल राहिली. का? पहिली एकाच ठिकाणी होती, दुसरी शंभर कपाटांत. आमच्या धंद्यात म्हणतात, बॅकअप एकच असेल तर तो नाहीच असं समजा. सर्व्हरच्या बाबतीत हे आम्ही रोज पाळतो, पण गिलच्या कॅनव्हासला दुसरी प्रत नव्हती.

पुढच्या लोकांनी यातून धडा घेतला असं वाटतं. १९०९ ते १९११ मधल्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांचा तंबू आमच्या फर्दापुरात पडला होता. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशी तरुण मंडळी. त्यांच्या नकला १९१५ मध्ये पुस्तकात छापून आल्या. आणि मुकुल डे हा बंगाली चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथांबरोबर अमेरिकेला गेला, शिकागोत एचिंग शिकला, परत येऊन अजिंठ्याला नकला करायला आला. १९२५ मध्ये त्याचं अजिंठा-बाघ प्रवासाचं पुस्तक निघालं. आर्म्स ज्या काळात ताम्रपत्रं खरवडत होता, त्याच काळातली अमेरिकन एचिंगची विद्या शिकलेला माणूस आमच्या गावाजवळच्या डोंगरात चित्रं उतरवत होता, हे मला भारी वाटतं.

लेण्यांची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे. पण आपल्या गावातला पडायला आलेला वाडा, जुनी वेस, बारव? त्यांचे फोटो एका फोनमध्ये असतात, आणि फोन पाण्यात पडतो. म्हणून या वेळचा गृहपाठ: तुमच्या गावातली एक जुनी इमारत निवडा. समोरून, बाजूनं आणि एका खांबाचं जवळून चित्र किंवा फोटो काढा. मागं गावाचं नाव आणि तारीख लिहा. कागदावर तीन प्रती छापा: एक घरात, एक गावच्या वाचनालयात, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं. खर्च शंभर रुपयांच्या आत.

प्रती ठेवून झाल्या की आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!