जुना संगणक, नवी हार्ड डिस्क : लघुउद्योजकांसाठी उपयुक्त माहिती

पुणे-अहिल्यानगर मार्गावर पुण्यापासून सुमारे ५० कि. मी. अंतरावर वसलेले शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे या गावाला गेल्या काही दशकांत दुसरी ओळख लाभली. २०२२ साली केंद्र शासनाने येथे इलेक्ट्रॉनिक वस्तुनिर्मिती समूहासही मान्यता दिली. अशा वसाहतींत मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग पुरविणारे लघुउद्योजक उभे राहतात. त्यांच्या कचेरीत एक संगणक हिशेबाचा असतो, तर यंत्रशाळेत दुसरा, एखाद्या यंत्राला वा चाचणी उपकरणाला जोडलेला. या दोहोंतील सर्वांत नाशवंत भाग म्हणजे हार्ड डिस्क होय. जुन्या पद्धतीच्या डिस्कमधील चकती मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते व तिच्यावरून वाचनशीर्ष हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत जाते. धूळ, उष्णता व वारंवार खंडित होणारा वीजपुरवठा या साऱ्यांशी तिचे वैरच आहे.

डिस्क निकामी झाली की पहिला प्रश्न येतो तो बॅकअपचा. ‘बॅकअप आहे’ या उत्तराने निश्चिंत होणे मात्र घाईचे ठरेल. बॅकअप दोन प्रकारचा असतो. पहिल्यात केवळ फाइलींची नक्कल असते. दुसऱ्यात संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज, घेतलेली असते. तीत ऑपरेटिंग सिस्टिम, आज्ञावल्या, त्यांची मांडणी व संगणक सुरू करणारा आरंभीचा भागही अंतर्भूत असतो. हिशेबाच्या संगणकास पहिल्या प्रकारावर निभावता येते. आज्ञावली नव्याने बसवावी, फाइली परत ठेवाव्यात, काम सुरू. अर्थात त्या फाइली हाती असणे अगत्याचे आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जतन करावी लागतात आणि डिस्क बिघडली म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

यंत्रशाळेतील संगणकाची गोष्ट निराळी. त्यावर अद्याप विंडोज एक्सपी चालत असल्याचे अनेक ठिकाणी आढळते. या प्रणालीस निर्मात्या कंपनीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले. यंत्र चालविणारी आज्ञावली ज्याने पुरविली तो पुरवठादार कदाचित व्यवसायातूनच निवृत्त झालेला असतो, मूळ सीडी सापडत नाही आणि यंत्र थांबले की पाळीतील कामगार बसून राहतात. येथे इमेजवाचून गत्यंतर नाही. काही आज्ञावल्यांचा परवाना डिस्कच्या विभागास मिळालेल्या अनुक्रमांकाशी बांधलेला असतो. फाइलींची नक्कल केल्यास तो क्रमांक नव्या डिस्कवर येत नाही. इमेज उतरविल्यास येतो. परवाना डिस्कच्या कारखान्यातील क्रमांकाशी जोडलेला असेल, तर मात्र इमेजचाही उपयोग होत नाही.

जुनी इमेज नव्या डिस्कवर उतरविताना अडचणी येतात त्या बहुधा दोन डिस्कांतील फरकामुळे. पहिला फरक आकारमानाचा. विंडोजमधील अंगभूत सोयीने घेतलेली इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही, मग प्रत्यक्षात वापरलेली जागा कितीही थोडी असो. मोठी डिस्क चालते. उरलेली जागा रिकामी राहते व ती नंतर विभागाला जोडता येते. दुसरा फरक विभागांच्या नोंदवहीचा. जुन्या एमबीआर पद्धतीत सर्वसाधारण डिस्कवरील २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही मर्यादा नाही. परंतु ३२ बिट एक्सपी अशा डिस्कवरून सुरूच होत नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी बाजारातील सर्वांत मोठी डिस्क घेण्याचा मोह टाळणे इष्ट.

तिसरी अडचण अधिक फसवी आहे. एक्सपी जुन्या आयडीई पद्धतीने बसविलेली असेल आणि नव्या जोडणीत बायॉसमध्ये एएचसीआय पद्धत निवडलेली असेल, तर इमेज बिनचूक उतरूनही सुरू होताना निळा पडदा दिसतो व संगणक थांबतो. अशा वेळी डिस्कला दोष दिला जातो. वास्तविक बायॉसमध्ये आयडीई पद्धत निवडली की बहुधा काम भागते. एक्सपी आपला पहिला विभाग ६३ व्या खंडापासून सुरू करते. अलीकडील डिस्क आतून ४,०९६ बाइटांचे खंड वापरतात व ६३ ही संख्या त्यांच्या मापात बसत नाही. परिणामी लेखन मंदावते. इमेज उतरविणाऱ्या काही आज्ञावल्यांत ही सुरुवात सरकवून घेण्याची सोय असते, ती वापरावी.

प्रत्यक्ष कृती फारशी कठीण नाही. संगणक सुरू करू शकणारा पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवावा. नवी डिस्क जोडून त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. मूळ संगणक यूईएफआय पद्धतीने चालत असल्यास पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करणे आवश्यक आहे. नंतर इमेज निवडावी आणि उतरविण्यापूर्वी कोणती डिस्क पुसली जाणार आहे हे दोनदा पाहावे. घाईत इमेज ठेवलेलीच डिस्क पुसली गेली, तर सारेच संपते. पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्ही डिस्कांची ओळखखूण एकच झालेली असते आणि प्रणालीचा गोंधळ उडतो. जुनी डिस्क अद्याप वाचता येत असेल, पण आवाज करीत असेल, तर दुरुस्तीची आज्ञावली तिच्यावर चालवू नये. आधी इमेज घ्यावी.

इमेज कोठे ठेवावी, याचे उत्तर २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीने दिले आहे. त्या आगीत वरच्या मजल्यांवरील कार्यालये व असंख्य कागदी नस्त्या भस्मसात झाल्या. संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेली बाह्य डिस्क आगीत किंवा चोरीत संगणकासोबतच जाते. एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. शिवाय वर्षातून एकदा तरी ती जुन्यापुरान्या सुट्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू होतो की नाही हे पाहावे. या चाचणीचा खर्च एका डिस्कचा व एका सुट्टीच्या दिवसाचा असतो.

इमेज उतरवून झाल्यावर यंत्र एक पूर्ण पाळी चालवून पाहावे, मापे जुन्या नोंदींशी ताडून घ्यावीत आणि जुन्या डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, महिनाअखेरचे काम सुरळीत पार पडेपर्यंत ती जपून ठेवावी.