गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आता मुलांच्या सहलीचे काय?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी मुलांचा एकच हट्ट सुरू होतो. शेजारची मुले मोठ्या पार्कमध्ये जाऊन आलेली असतात. उंच पाळण्यांच्या, पाण्याच्या घसरगुंड्यांच्या गोष्टी ती रंगवून सांगतात. मग घरची बाई भिशीतून पैसे बाजूला काढते, घरधनी ओव्हरटाइम करतो आणि वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा, सहल ठरते. नेमक्या त्याच सुमारास आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख येते. सरकारी रुग्णालयाची तारीख महिनोन्‌महिने थांबल्यावर मिळालेली असते, ती सोडवत नाही. सहलीची तिकिटेही काढून झालेली असतात.

अशा वेळी घरात दोनच वाटा दिसतात. सहल रद्द करायची, नाहीतर आईला घरी ठेवून जायचे. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत तिसरेच घडते. आई म्हणते, "मी राहते घरी, तुम्ही जा." मग तिच्याजवळ कोणीतरी हवे म्हणून सून मागे राहते. म्हणजे जिने पैसे साठवले, तिच्याच वाट्याला सहल येत नाही. आणि जिचे गुडघे मोरीवर उकिडवे बसून, दुसऱ्यांच्या घरच्या फरश्या पुसून, चाळीचे जिने पाण्याच्या हंड्यासह चढून झिजले, ती मात्र आपल्यामुळे सगळ्यांची अडचण झाली म्हणून मनात खंत करीत बसते. हे टाळता येते. त्यासाठी थोडी माहिती हवी आणि आधी ठरवून काम करायची तयारी हवी.

कोणते ऑपरेशन, किती दिवस?

"गुडघ्याचे ऑपरेशन" हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिले, दुर्बिणीतून केलेले लहान ऑपरेशन. गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला तुकडा काढला असेल तर माणूस थोड्या दिवसांत घरात हिंडू-फिरू लागतो. पण तीच गादी शिवली असेल, तर त्या पायावर किती भार द्यायचा याला काही आठवडे बंधन असते. दुसरे, तुटलेल्या लिगामेंटचे ऑपरेशन. हे बहुधा तरुणांचे असते. यात चालणे लवकर जमते, पण धावणे, उड्या मारणे, गुडघ्याला पीळ बसेल असे काहीही करणे कित्येक महिने वर्ज्य असते. तिसरे, सांधा बदलण्याचे ऑपरेशन. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. तरीही सामान्य घराला हा खर्च मोठाच आहे, आणि एवढा खर्च करून बसवलेला सांधा जपणे हे पहिले काम.

सांधा बदलल्यावर टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. त्यामुळे घरच्यांना वाटते की झाले, आई बरी झाली. तसे नसते. वरची कातडी जुळते, पण आतली सूज तीन महिनेसुद्धा राहू शकते. पहिले सहा आठवडे सर्वांत नाजूक. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळे चालणे हा प्रवास याच काळात होतो. पूर्ण ताकद यायला वर्षही लागते.

म्हणून मोटा हिशेब असा धरावा. सहा आठवड्यांच्या आत सहल नको. सहा ते बारा आठवड्यांत जायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि चाकाच्या खुर्चीची सोय करून. तीन महिन्यांनंतर पायी, पण मध्ये मध्ये बसून. प्रत्येकाचे शरीर वेगळे, साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर आणखी वेगळे. तेव्हा शेवटचा शब्द ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा. त्यांना मोघम "फिरायला नेले तर चालेल का?" असे विचारू नका. "दोन-अडीच तास गाडीत बसायचे, दिवसभर राहायचे आणि रात्री परत यायचे, चालेल का?" असे नेमके विचारा.

तारीख पुढे ढकलणे म्हणजे सहल बुडणे नव्हे

मुंबई-पुण्याकडच्या घरांतून आज मुलांचा हट्ट बहुधा खोपोलीजवळच्या इमॅजिकासाठी असतो. हे पार्क २०१३ साली सुरू झाले. त्याआधीची पिढी गोराईच्या एस्सेल वर्ल्डचे नाव घेत असे. ते १९८९ साली सुरू झाले होते आणि तेथे जायला मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरून बोटीत बसून खाडी ओलांडावी लागे. हलत्या बोटीत पाय टाकणे दुखऱ्या गुडघ्याला किती अवघड, हे तेव्हाच्या आज्यांना ठाऊक आहे. खोपोलीला तो त्रास नाही, पण मे महिन्याचे ऊन आहे आणि जूननंतर धो धो पाऊस व निसरडी वाट आहे.

ऑपरेशन मार्च-एप्रिलमध्ये झाले असेल तर शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सहा महिने होऊन जातात. हवाही बरी झालेली असते. मुलांना "रद्द" म्हणू नका, "दिवाळीच्या सुट्टीत, आजी स्वतः चालत येईल तेव्हा" असे सांगा. मुले समजूतदार असतात, त्यांना कारण मात्र सांगावे लागते. तिकिटे काढण्यापूर्वी तारीख बदलून मिळते का, पैसे परत मिळतात का, हे विचारून घ्या. काढून झाली असतील तरी फोन करून बघा आणि रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. विचारण्याने काही जात नाही.

प्रवासात काय सांभाळावे?

सांधा बदलल्यानंतरच्या काही आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. एका जागी तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने तो वाढतो. म्हणून तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालवावे. बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहावे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दिल्या असतील तर सहलीच्या गडबडीत एकही चुकवू नये.

एक गोष्ट आपल्या माता-भगिनींना मुद्दाम सांगायला हवी. प्रवासात लघवीची सोय नसते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाईने असे करणे धोक्याचे आहे. पाणी प्यायला द्या आणि वाटेत कमोडची सोय कुठे आहे हे आधी ठरवा. उकिडवे बसायचा प्रसंग तिच्यावर आणू नका.

मोटारीत तिला पुढची जागा द्या, सीट मागे सरकवा म्हणजे पाय लांब करता येईल. आत बसताना आधी पाठमोरे होऊन सीटवर टेकावे, मग दोन्ही पाय आत घ्यावेत. एसटीने जायचे तर जिची पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून द्या. काठी धरायची ती ऑपरेशनच्या उलट बाजूच्या हातात. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. वयाचा पुरावा बरोबर ठेवावा. वाचलेल्या पैशांत खोपोलीहून पुढे रिक्षा करता येते. तेथे पायपीट नको.

पार्कमध्ये पोचल्यावर

अशा पार्कमध्ये दिवसभरात काही किलोमीटर चालणे सहज होते, आणि त्याहून वाईट म्हणजे रांगेत उभे राहणे. चालण्याने गुडघा मोकळा होतो, पण ताटकळत उभे राहिल्याने सुजतो. म्हणून चाकाची खुर्ची मिळते का, तिचे भाडे किंवा अनामत किती, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा. खुर्चीत बसायला आपल्याकडे लाज वाटते. "मी काय लंगडी झाले का?" असे आई म्हणेल. तिला सांगा, खुर्ची ही तिच्या पायाची सुट्टी आहे. लागेल तेव्हा बसावे, वाटेल तेव्हा उठून चालावे.

झटका देणाऱ्या, उलटेपालटे करणाऱ्या, वेगाने खाली आणणाऱ्या कोणत्याही पाळण्यात तिने बसू नये. त्या पाळण्यांत गुडघे वाकवून दांडीखाली अडकवून ठेवतात, मधेच पाय सरळ करता येत नाही. पाण्याच्या भागातही नको. जखम पूर्ण भरेपर्यंत तलावात उतरू नये, आणि भरल्यानंतरही ओल्या फरशीवर पाय घसरला तर केलेले सगळे वाया जाईल. बसून पाहण्याचे खेळ, मिरवणुका, सावलीतले बाक, हा तिचा पार्क. खुर्ची पाठ टेकणारी आणि हात असलेली निवडा, उठताना आधार होतो.

दुपारी जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती. पाय उंच ठेवा आणि बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. बर्फ थेट कातडीवर नको. वेदनेच्या गोळीने दुखणे दबते, गुडघा बरा होत नाही. तेव्हा गोळी घेऊन जास्त चालू देऊ नका.

पाळी वाटून घ्या

आईजवळ कोण बसणार, हे घरातून निघण्यापूर्वी कागदावर लिहून काढा. तासा-तासाची पाळी लावा. मुलगा, सून, जावई, मोठी नात, सगळ्यांची नावे त्यात हवीत. फक्त सुनेचे नाव असेल तर तो कागद फाडून नवा करा. मोठ्यांनी पाळण्यात बसताना एकाने थांबावे, मग अदलाबदल करावी. नातवंडांची पाळीही लावा. आजीजवळ एक तास बसून तिच्या लहानपणीच्या जत्रेतला लाकडी पाळणा कसा होता हे ऐकणे, ही त्यांच्यासाठीही सहलच आहे.

आणि सर्वांत आधी तिला स्वतःला विचारा. तिची इच्छा नसेल तर ओढून नेऊ नका. ती घरी राहणार असेल तर शेजारच्या विश्वासू बाईला सांगून, जेवण-औषधे हाताशी ठेवून, फोन जवळ देऊन जा. पण ती "मी राहते घरी" म्हणते तेव्हा ते मनापासून आहे की तुमचा खर्च आणि त्रास वाचावा म्हणून आहे, हे ओळखणे लेकरांचे काम आहे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, लाल किंवा गरम झाली, छातीत दुखू लागले, दम लागला, ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी आले, किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येईना, तर सहल तिथेच संपवून रुग्णालय गाठा. दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयाचे कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा फोन नंबर एका पिशवीत घालून ती पिशवी दिवसभर एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवा.

परतल्यावर दुसरा दिवस आईचा पूर्ण विश्रांतीचा. त्या दिवशी पाणी भरणे, धुणे, स्वयंपाक इतरांनी करावा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मात्र चुकवू नये. आणि नव्या गुडघ्याने तिने पुन्हा मोरीवर उकिडवे बसायचे नाही, हेही त्याच दिवशी घरात ठरवून टाका. धुण्यासाठी उंच स्टूल आणि पुसण्यासाठी लांब दांड्याचा पोछा, एवढी खरेदी सहलीच्या खर्चातूनच करा.