एकादशीचे ताट : व्रत आणि पोषण

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासाचा प्रारंभ होतो. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी अशा उपवासांची मालिकाच आता घरोघरी सुरू होईल. या निमित्ताने आपल्या ताटात काय पडते आणि त्यातून देहास काय मिळते, याचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी ठरलेलीच. साबुदाणा म्हणजे कसावा नावाच्या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, परंतु प्रथिने एक ग्रॅमही नसतात. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप घातलेल्या खिचडीतून ४०० उष्मांक मिळतात. प्रथिने मात्र जेमतेम पाच ग्रॅम, आणि तीही कुटाच्या कृपेने! उलट ५० ग्रॅम तांदळाचा भात आणि २५ ग्रॅम तूरडाळीचे वरण यांतून सुमारे २६० उष्मांकांत नऊ ग्रॅम प्रथिने लाभतात. तांदळात जे अल्प ते डाळीत विपुल आणि डाळीत जे उणे ते तांदळात, अशी ही जोडी परस्परांस पूरक आहे. त्यावर पिळलेले लिंबू अन्नातील लोह अंगी लागण्यास साहाय्य करते. नैवेद्याच्या पानाची ही मांडणी किती विचारपूर्ण आहे!

मग उपवास सोडावा काय? मुळीच नव्हे. उपवासाचे ताट तेवढे पारखून घ्यावे. साबुदाण्याऐवजी कधी राजगिऱ्याची भाकरी करावी. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असून लोह आणि चुनाही भरपूर असतो. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत दही वा ताक आणि एखादे फळ, एवढ्याने ताट सकस होते. हा बदल म्हणजे रूढीचा भंग नव्हे. बटाटा, भुईमूग, कसावा आणि राजगिरा हे सारे मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या पूर्वजांनीच त्यांना उपवासाच्या ताटात स्थान दिले.

घरातील सर्वाधिक उपवास कोण करते? बहुधा गृहिणीच. सर्वांस वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारीही तीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निश्चित केलेल्या प्रमाणानुसार पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह हवे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. खिचडीवर दिवस काढणे आणि मध्ये दोनदा चहा घेणे, यात या उणिवेची भरपाई होत नाही. चहा तर लोहाच्या शोषणात अडथळाच आणतो. गर्भवती, मधुमेही आणि वृद्ध यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून निरंक उपवास करू नये.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, या दोघांसही योग साधत नाही असे सांगितले आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीत तेच थट्टेने आले आहे. म्हणून यंदाच्या एकादशीस देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर घरच्या माउलीचे ताटही सर्वांसमवेत मांडावे, आणि त्यात काय वाढले आहे हे इतरांनी पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.