नाथसागराची बेटं काठावरूनच टिपा
वाऱ्याने झोडपलेलं बेट टिपायला अंबडकरांनी कोकण गाठायची गरज नाही. पैठणचा नाथसागर जवळच आहे. जायकवाडी धरणाचा हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेटं उघडी पडतात. पण होडीने तिथे उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो. ठिपक्यांमुळे ती खड्यांत अशी मिसळतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. माणसाला बिचकून पक्षी उडाला की तीच अंडी भर उन्हात तापतात.

लांबून फोटो धूसर येतो, ही तक्रार दुपारपुरती खरी आहे, कारण तापलेली हवा थरथरते. सूर्योदयाला जा, ट्रायपॉड बुटका ठेवा, त्याला जड पिशवी अडकवा, शटर १/१००० च्या पुढे न्या. चित्र स्वच्छ येतं.