टॅबवरचा रेणू आणि परीक्षानळीतला रंग

सदऱ्यावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला की पिवळा डाग लालसर होतो आणि भरपूर पाण्यात खंगाळला की पुन्हा पिवळा दिसतो. हे आपण सगळ्यांनी घरात पाहिलंय. पण एवढं पाहून रसायनशास्त्र कळलं, असं काही आपण म्हणत नाही.

ग्लासगो विद्यापीठातले रसायनशिक्षणाचे अभ्यासक अॅलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ च्या एका लेखात याचं कारण मांडलं. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं. एक डोळ्यांना दिसणारी, जसा हळदीचा बदललेला रंग. दुसरी अणुरेणूंची : आम्लारीमुळे हळदीतल्या कुर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा आयन निघून जातो, आणि तो रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. तिसरी पातळी फळ्यावरच्या चिन्हांची आणि समीकरणांची. शिक्षक या तिन्हींवर सहज उड्या मारतात. मुलाची दमछाक होते ती इथेच.

टॅब किंवा स्मार्टफोन यांचा मोठा उपयोग दुसऱ्या पातळीसाठी आहे. कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे खेळ पाहा. बर्फाला उष्णता दिली की रेणू थरथरतात, जागा सोडतात, सुटे होऊन उडतात. फळ्यावर खडूनं ही हालचाल कशी दाखवणार?

आता आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे एक प्रश्न विचारणार. पडद्यावर मुलानं जे पाहिलं, तो रेणू आहे का? डाल्टननं १८०८ साली अणुसिद्धांत ग्रंथरूपानं मांडला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीही ओस्टवाल्डसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ अणूंचं अस्तित्व मानायला तयार नव्हता. पेरँ आणि इतरांचे प्रयोग पुढे आले, तेव्हा त्यानं मत बदललं. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला पुरावा लागला, आणि आपलं मूल बोट टेकवून एका क्षणात अणू 'बघतं'. मग ऑक्सिजनचा अणू लालच असतो, असं त्याला वाटलं तर दोष त्याचा नाही.

दुसरी गोष्ट अशी, की पडद्यावरचा प्रयोग फसत नाही. आज्ञावलीत जो नियम घातला, तोच बाहेर येतो. परीक्षानळी मात्र आपल्याला 'नाही' म्हणू शकते, आणि विज्ञान त्या 'नाही'वर उभं आहे.

यावर उपाय त्याच फोनमध्ये आहे : कॅमेरा. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन कण शिक्षकांनी टाकावेत आणि फिकट गुलाबी द्रावण करावं. सारख्या आकाराचे पाच पारदर्शक पेले घ्यावेत. पहिल्यात मूळ द्रावण, पुढच्या प्रत्येकात आधीच्याच्या निम्म्या संहतीचं. मागे पांढरा कागद ठेवून सगळ्यांचा एकच फोटो काढावा. फोटोतल्या ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा आकडा सांगणारी साधी अॅप मिळतात. परमँगनेट मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून द्रावण जितकं गडद, तितका हिरवा आकडा कमी. मुलांनी आलेख काढावा. तो सरळ रेषेत येणार नाही. मग वाद होऊ दे! सावली पडली का, मोजमाप चुकलं का, की कॅमेराच प्रकाश आपल्या पद्धतीनं बदलून नोंदवतो? पाच-सहा मुलांत एक फोन पुरतो, आणि शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा नसली तरी हे जमतं.

तेव्हा क्रम असा ठेवू या : आधी खरा पदार्थ, मग मोजमाप, मग पडद्यावरचे रेणू आणि शेवटी समीकरण. आणि पडदा बंद करण्यापूर्वी मुलांना एवढं जरूर विचारू या, की या चित्रात खरं काय आणि सोयीसाठी घातलेलं काय? रंग, आकार, गोळ्याची कड, दोन रेणूंमधलं अंतर, एकेक घेऊन बोलू दे. 'आणि हे आपल्याला कशावरून कळलं?' असं एखाद्या मुलीनं उलट विचारलं, तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असं समजायला हरकत नाही.